एकाच ब्रेकरवर रिंग आणि रेडियल: चाचणी कशी करावी आणि नोंद काय करावी?

तिसरी_तार यांचा प्रश्न:

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये घरगुती वीजजोडणीच्या तपासणीचे काम शिकत आहे. गेल्या आठवड्यात वरिष्ठांबरोबर एका भाड्याच्या घराच्या पंचवार्षिक तपासणीला गेलो असता जे सर्किट समोर आले, त्याचा उलगडा मला अद्याप नीट झालेला नाही. वरिष्ठ म्हणाले, "आधी तू स्वतः विचार कर, मग मी सांगतो." म्हणून वाचने मांडून आपणा सर्वांचे मत मागत आहे.

कन्झ्युमर युनिटमध्ये, म्हणजे ब्रेकरच्या पेटीत, ३२ अँपिअरच्या बी प्रकारच्या ब्रेकरवर "सॉकेट, रिंग" अशी चिठ्ठी आहे. रिंग म्हणजे पेटीतून निघून सॉकेटांतून फिरून पुन्हा पेटीतच परतणारी केबल, म्हणून ब्रेकरच्या टर्मिनलमध्ये लाइनची दोन टोके हवीत; परंतु तिथे दोनऐवजी तीन लाइन तारा निघाल्या. दोन लाल आहेत आणि तिसरी तपकिरी आहे. मुख्य स्विच बंद करून, कुलूप लावून, वीज नसल्याची खात्री करून आम्ही तिन्ही लाइन, तिन्ही न्यूट्रल आणि तिन्ही अर्थच्या तारा सोडवल्या. दोन लाल तारांत ०.४४ ओहम, त्यांच्या जोडीच्या दोन काळ्या तारांत ०.४५ ओहम आणि त्यांच्या दोन अर्थ तारांत १.०८ ओहम असे वाचन मिळाले. तपकिरी तारेचा कोणत्याही लाल तारेशी संबंध लागला नाही. ती तार घराच्या मागे वाढवलेल्या स्वयंपाकघरात जाते आणि तिथल्या चार दुहेरी सॉकेटांना व एका फ्यूज्ड स्परला (स्वतःचा फ्यूज असलेल्या उपशाखेला) पुरवठा देते.

यानंतर लाल-काळ्या तारांची नेहमीची आडवी जोडणी (एका टोकाची लाइन दुसऱ्या टोकाच्या न्यूट्रलला आणि उलट; अर्थसाठीही तसेच) करून प्रत्येक सॉकेटवर मोजले. लाइन आणि न्यूट्रल यांच्यात बहुतेक ठिकाणी ०.२२ ओहम आले, मात्र जिन्यावरच्या सॉकेटला ०.३१ आणि मागच्या शयनगृहातल्या एका सॉकेटला ०.४३ आले. लाइन आणि अर्थ यांच्यात वाचन जागोजागी बदलत होते. पेटीजवळच्या सॉकेटला ०.३१, लांबच्या सॉकेटांना ०.३७ ते ०.३८, आणि वर सांगितलेल्या दोन सॉकेटांना अनुक्रमे ०.५२ व ०.६८. तपकिरी तारेचे टोक तिच्या अर्थ तारेला जोडून स्वयंपाकघरातल्या शेवटच्या सॉकेटला मोजले, तेव्हा ०.४३ मिळाले. बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याचा लूप इम्पीडन्स (दोषप्रवाहाच्या मार्गाचा घराबाहेरचा रोध) ०.२४ ओहम आहे.

माझ्या शंका अशा आहेत. पहिली, जुन्या अर्थ तारांचे वाचन लाइनच्या जवळजवळ अडीच पट आले, हा जोडणीतला दोष मानावा का? आम्हाला वर्गात हे प्रमाण साधारण १.६ असते असे शिकवले आहे. दुसरी, लाइन आणि अर्थ यांच्यातले वाचन रिंगभर समान यायला हवे ना? तिसरी, तपकिरी तारेची अर्थ तार आणि जुन्या अर्थ तारा पेटीत सुट्या असूनही त्यांच्यात ०.९ ओहम दाखवत होत्या, शिवाय तपकिरी आणि निळ्या तारेत २६ ओहम दिसत होते. ही दोन्ही सर्किटे आतून कुठे जोडलेली आहेत का? आणि शेवटची, हे सर्व एकाच ब्रेकरवर असणे चालते का, आणि अहवालात त्याची नोंद रिंग म्हणून करावी की रेडियल (पेटीतून निघून परत न येणारी शाखा) म्हणून?

---

जुना_फ्यूज यांचे उत्तर:

प्रश्न वाचनांसह आणि नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी बरीच वर्षे हेच काम करतो. अशा मिश्र सर्किटात लोक चुकतात ते मोजण्यात नव्हे. पेटीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून आकार आधी ठरवतात आणि मग वाचने त्या आकारात बसवू पाहतात, तिथे चूक होते. आपण तिन्ही तारा सोडवून एकमेकींशी तपासल्या, इथेच निम्मे काम झाले. दोन लाल तारा म्हणजे रिंगची दोन टोके आणि तपकिरी तार म्हणजे त्याच ब्रेकरवर चढवलेले स्वतंत्र रेडियल, हा आकार आपल्या पहिल्या तीन वाचनांतच दिसतो.

आता अडीच पटीबद्दल. वर्गात शिकवलेले प्रमाण आजच्या केबलचे आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला मीटरमागे ७.४१ मिलिओहम असतो आणि १.५ चौरस मिलिमीटरचा १२.१० मिलिओहम, म्हणून गुणोत्तर १.६३ येते. परंतु मेट्रिक मापे आल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातल्या २.५ च्या केबलमध्ये अर्थची तार केवळ १ चौरस मिलिमीटरची असे. तिचा रोध मीटरमागे १८.१० मिलिओहम, म्हणजे लाइनच्या २.४४ पट. आपल्या १.०८ ला ०.४४ ने भागून पाहा, २.४५ येते. म्हणजे जोडणीत दोष नाही. केबलच त्या काळातली आहे, आणि ०.४४ वरून रिंगची लांबी ६० मीटरच्या आसपास निघते. लाइन आणि न्यूट्रल यांची वाचने एकमेकांपासून ०.०५ ओहमच्या आत असावीत, तीही आहेत. एवढी बारीक अर्थ तार दोषप्रवाहाच्या उष्णतेत टिकेल की नाही, हे मात्र ब्रेकरच्या उत्पादकाने दिलेल्या ऊर्जेच्या आकड्यांवरून एकदा तपासून घ्यावे. जुन्या तारेच्या फ्यूजपेक्षा आजच्या ब्रेकरसोबत परिस्थिती बरीच बरी असते, तरी तपासल्याशिवाय सोडू नये.

दुसऱ्या शंकेचे उत्तरही याच गुणोत्तरात आहे. आडव्या जोडणीनंतर सर्वत्र समान वाचन येते हे लाइन आणि न्यूट्रल यांच्याबाबतीत खरे, कारण दोन्ही तारा एकाच जाडीच्या आहेत. कोणत्याही सॉकेटपासून एका बाजूने जावे तर जितकी लाइन वाढते तितकीच न्यूट्रल घटते, आणि बेरीज तीच राहते. अर्थची तार बारीक असली की ही भरपाई बिघडते. रिंगच्या बरोबर मध्यावर वाचन लाइन व अर्थ यांच्या टोक-ते-टोक वाचनांच्या बेरजेच्या चौथ्या हिश्शाइतके येते, म्हणजे (०.४४ + १.०८) ÷ ४ = ०.३८. पेटीलगत मात्र ते दोन्ही रोधांच्या समांतर जोडणीइतके, म्हणजे (०.४४ × १.०८) ÷ १.५२ = ०.३१ इतके उतरते. आपली वाचने ०.३१ पासून ०.३८ पर्यंत चढली आहेत. याहून नेमके पुस्तकी उदाहरण मी स्वतः रचू शकलो नसतो. आजच्या केबलच्या तेवढ्याच लांबीच्या रिंगमध्ये हा फरक ०.२८ ते ०.२९ इतकाच असतो, म्हणून वर्गात तो कुणी दाखवून देत नाही.

जिना आणि शयनगृह यांची वाचने रिंगच्या बाहेर आहेत, म्हणून ते स्पर, म्हणजे रिंगमधून फुटलेल्या उपशाखा, आहेत. आणि दुसरे पहिल्यापेक्षा मोठे असल्याने ते बहुधा स्परवरचा स्पर आहे. त्यांची फोड करून पाहू. जिन्यावर लाइन-न्यूट्रल वाचन रिंगपेक्षा ०.०९ ने वाढले आहे. लाइन आणि न्यूट्रल मिळून मीटरमागे १४.८२ मिलिओहम धरले, तर हा स्पर सुमारे ६ मीटरचा ठरतो. लाइन-अर्थ वाचनातली वाढ ०.१५ आहे. त्यातून लाइनचा ०.०४५ वजा केला की अर्थचा वाटा ०.१०५ उरतो, गुणोत्तर २.३, म्हणजे केबल जुनी. आता जिन्यापासून शयनगृहापर्यंत पाहा. लाइन-न्यूट्रलमध्ये वाढ ०.१२, म्हणजे ८ मीटर. लाइन-अर्थमध्ये वाढ ०.१६, त्यातून लाइनचे ०.०६ वजा जाता ०.१० उरतात आणि गुणोत्तर १.६७ येते. हा तुकडा १.५ च्या अर्थ तारेचा, म्हणजे नंतरच्या काळात टाकलेला आहे. जिन्यावरच्या सॉकेटची पट्टी उघडलीत तर आत जुनी केबल येताना आणि नवी केबल बाहेर जाताना दिसावी, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या दशांश स्थळावर इतका भार टाकताना मोजणीच्या वायरींचा रोध आधी शून्य करून घेतलेला असायला हवा आणि क्लिपा घट्ट बसायला हव्यात, हे ओघाने आलेच.

तिसरी शंका. २६ ओहम हा दोष वाटत नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २ किलोवॉटच्या तापक तारेचा रोध जवळपास तेवढाच, २६.५ ओहम असतो. त्या फ्यूज्ड स्परवर काय आहे ते पाहा. ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी बसवलेला हीटर असण्याची शक्यता दाट आहे. तो वेगळा केल्याशिवाय लाइन आणि न्यूट्रल यांच्यात इन्सुलेशनची ५०० व्होल्टची चाचणी करू नये. अर्थ तारांमधले ०.९ ओहम बहुधा नळांमधून येत आहेत. बॉयलर जुन्या रिंगवर असेल आणि स्वयंपाकघरातले एखादे धातूच्या अंगाचे उपकरण नव्या केबलवर असेल, तर पाण्याचे व गॅसचे नळ त्या दोन अर्थ तारांमध्ये पूल बनतात. इथे सावध राहावे, कारण असा समांतर मार्ग तुटलेल्या अर्थ तारेलाही धडधाकट दाखवतो. शंका असेल तिथे त्या उपकरणाची अर्थ तार तात्पुरती सोडवून वाचन पुन्हा घ्यावे. लाइन आणि न्यूट्रल मात्र तपकिरी-निळ्या बाजूने जुन्या रिंगपासून खरोखर वेगळ्या आहेत की नाही, हे इन्सुलेशन मापकाने दोन्ही जोड्यांमध्ये तपासा. सातत्य मापकाने "संबंध नाही" असे म्हटल्यावर थांबू नका.

आता मुख्य मुद्दा, हे चालते का. रिंगला ३२ अँपिअरचा ब्रेकर लावण्याची मुभा बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग मानकात एका अटीवर आहे. केबलची वहनक्षमता, ती जशी बसवलेली आहे त्या स्थितीत, किमान २० अँपिअर असावी आणि रिंगच्या कोणत्याही भागात दीर्घकाळ त्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह जाण्याची शक्यता नसावी. प्रवाह दोन बाजूंनी वाटला जातो, या एकाच कारणावर ही मुभा उभी आहे. तपकिरी तारेला दुसरी बाजूच नाही. पेटीतून थेट निघणारा स्पर मान्य आहे, पण त्यावर एकच एकेरी किंवा एकच दुहेरी सॉकेट असावे. इथे चार दुहेरी सॉकेट आणि वर हीटर आहे. ३ किलोवॉटची किटली, २.५ किलोवॉटचा कपडे वाळवण्याचा ड्रायर आणि २ किलोवॉटचा हीटर एकत्र चालले, तर ३२.६ अँपिअर होतात. केबल भिंतीवर मोकळी चिकटवलेली असेल तर तिची क्षमता २७ अँपिअर, उष्णतारोधक भिंतीत गाडलेली असेल तर २०. आणि ३२ चा ब्रेकर तर ३६ अँपिअरला तासभर हलणारही नाही. दोषाच्या वेळी ब्रेकर पडेल, कारण ०.४३ आणि ०.२४ मिळून ०.६७ होतात आणि थंड केबलवर मोजताना बी ३२ साठी मर्यादा १.१० आहे. प्रश्न अतिभाराचा आहे, आणि तो आपले एकही वाचन सांगत नाही. तो फक्त आकार सांगतो. मी असतो तर या रेडियलला सी २ (संभाव्य धोकादायक) संकेत दिला असता.

उपाय सोपा आहे. तपकिरी, निळी आणि त्यांची अर्थ तार वेगळी काढून २० अँपिअरच्या स्वतंत्र आरसीबीओवर (अतिभार आणि प्रवाहगळती दोन्हींवर पडणाऱ्या ब्रेकरवर) घ्यावी. पेटीत जागा नसेल तर त्या केबलच्या सुरुवातीला १३ अँपिअरचा फ्यूज्ड स्पर घालता येतो, पण स्वयंपाकघरात तो फ्यूज वारंवार जाईल. न्यूट्रलही त्याच आरसीबीओवर जायला हवा, हे सांगायला नको. तरी लोक विसरतात आणि मग आरसीबीओ लागताक्षणी पडतो म्हणून तोच बदलत बसतात.

नोंदीबद्दल एवढेच. दुरुस्तीपूर्वीच्या अहवालात रिंगची तीन टोक-ते-टोक वाचने त्यांच्या रकान्यांत लिहा, लाइन-अर्थचे सर्वांत मोठे वाचन ०.६८ लिहा, आणि शेऱ्यात रेडियल शाखेचे ०.४३ वेगळे नमूद करा. रिंग आहे की रेडियल, यांपैकी एक निवडून दुसरे लपवू नका.

---

वीस_अँपिअर यांचे उत्तर:

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु एक सोपा पर्याय त्यात केवळ सुटून गेला असे वाटते. संपूर्ण ब्रेकरच २० अँपिअरचा केला तर काय बिघडते? मग रिंग तुटलेली असो, स्परवर स्पर असो किंवा पेटीतून तीन शाखा निघोत, २.५ ची प्रत्येक तार, ती जाड उष्णतारोधक थराखाली दबलेली नसेल तर, ब्रेकरच्या संरक्षणात येते आणि आकाराचा प्रश्नच उरत नाही. मी स्वतः जुन्या घरांत, जिथे भिंती फोडता येत नाहीत, तिथे घरमालकाला समजावून हेच केले आहे.

रिंगबद्दल माझे मत तसेही फारसे चांगले नाही. १९४७ साली बीएस १३६३ या मानकाने १३ अँपिअरचा फ्यूज असलेला प्लग आणला, त्या काळात ही रचना शहाणपणाची होती. पण रिंगची एक बाजू तुटली तरी प्रत्येक सॉकेट चालूच राहते, घरातल्या कुणालाही काही कळत नाही आणि सगळा भार उरलेल्या बाजूने जातो. प्लगमध्ये घालायच्या छोट्या तपासणी यंत्राचे तिन्ही दिवे तेव्हाही हिरवेच असतात. आपले बिघाड गप्प ठेवणारी रचना मला नको वाटते.

---

जुना_फ्यूज:

२० चा पर्याय सुरक्षिततेच्या दृष्टीने बिनचूक आहे, हे मान्य. या घरात मात्र तो घरमालकाच्या पथ्यावर आणि भाडेकरूच्या मुळावर येईल. संपूर्ण घराची सॉकेटे आणि स्वयंपाकघर मिळून २० अँपिअर म्हणजे ४.६ किलोवॉट. किटली आणि ड्रायर एकत्र लागले की पुढे काहीच उरत नाही. लोक मग ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करतात आणि कुणीतरी परत ३२ चा बसवतो. मी हे दोन घरांत पाहिले आहे. म्हणून शाखा वेगळी करता येत असेल तर ती करावी, आणि करता येत नसेल तरच ब्रेकर उतरवावा.

---

एकच_लाल_तार यांचा प्रश्न:

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मी तपासलेल्या एका घरात याच्या उलट प्रकार होता. ३२ अँपिअरच्या ब्रेकरमध्ये लाइनची एकच तार होती, ६ चौरस मिलिमीटरची. तिला रेडियल समजून मी पेटीत लाइन व अर्थ जोडले आणि प्रत्येक सॉकेटवर मोजले. वाचन आधी वाढत गेले, ०.१५, ०.२७, ०.३२, आणि मग पुन्हा उतरू लागले. शेवटचे सॉकेट समजून मी ज्याच्यापाशी गेले, तिथे ते ०.१६ होते. रेडियलमध्ये दूर गेल्यावर वाचन कमी कसे होईल? मापकात दोष आहे असे समजून मी दुसऱ्या मापकाने मोजले, तरी तेच आले.

---

मोजमाप यांचे उत्तर:

आपला मापक बरोबर आहे. पेटीतून एका जाड केबलने पुढे जाऊन मग तिथल्या जंक्शन बॉक्समध्ये दोन टोके फुटतात आणि त्यांची रिंग होते, अशा रचनेला इथले कामगार लॉलीपॉप म्हणतात, कारण आकार काडीवरच्या गोळीसारखा असतो. तिची टोके पेटीत नसल्यामुळे रिंगची नेहमीची तीन पायऱ्यांची चाचणी (टोक-ते-टोक, मग आडव्या जोडणीने लाइन-न्यूट्रल आणि लाइन-अर्थ) पेटीपाशी करताच येत नाही. वाचन चढून उतरणे हीच तिची ओळख आहे. आपण शेवटचे समजलेले सॉकेट प्रत्यक्षात फाट्याच्या दुसऱ्या बाजूला अगदी जवळ होते.

आकडे मांडून पाहू. ६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये अर्थची तार २.५ ची असते. दोन्ही मिळून मीटरमागे १०.४९ मिलिओहम. काडी १२ मीटरची धरली तर ०.१३ ओहम. पुढे आजच्या २.५ च्या केबलची ४० मीटरची रिंग असेल, तर तिच्या मध्यावर ०.७८ चा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.१९ ची भर पडते आणि एकूण ०.३२ होते. हा आपलाच कमाल आकडा आहे. आता हीच रिंग फाट्यालगत एका बाजूला तुटलेली असती, तर तुटीजवळच्या सॉकेटला ०.१३ आणि ०.७८ मिळून ०.९१ आले असते. पुरवठ्याचा लूप इम्पीडन्स ०.३५ धरला तर बेरीज १.२६ होते. बी ३२ ची छापील मर्यादा १.३७ असल्याने हा आकडा घाईत "पास" वाटतो. थंड केबलवर मोजताना तुलना १.१० शी करायची असते, आणि त्या कसोटीवर तो नापास आहे. तूट मध्यावर असती तर दोन्ही बाजूंचे कमाल वाचन ०.५२ इतकेच आले असते, म्हणजे कोणत्याही मर्यादेत बसणारे, आणि तरीही रिंग तुटलेलीच. म्हणून लॉलीपॉपमध्ये केवळ कमाल वाचन मर्यादेत आहे म्हणून पुढे जाऊ नये.

योग्य मार्ग म्हणजे फाटा शोधणे. सर्वांत कमी वाचन देणारी दोन सॉकेटे जिथे जवळ येतात, त्या परिसरात जंक्शन बॉक्स असतो. बहुधा जमिनीच्या फळ्यांखाली किंवा माळ्यावर. तो उघडून रिंगची दोन टोके तिथे सोडवावीत, तीन पायऱ्यांची चाचणी तिथूनच करावी आणि काडीचे वाचन वेगळे घ्यावे. पेटीपासूनचे एकूण वाचन म्हणजे काडी अधिक रिंगचा चौथा हिस्सा. फाटा सापडलाच नाही, तर निदान लाइन-न्यूट्रलची मोजणीही पेटीत त्या दोघांना जोडून, लाइन-अर्थप्रमाणे सर्व सॉकेटांवर करावी. लाइन-अर्थच्या मोजणीत न्यूट्रलची तूट मुळीच दिसत नाही. आणि अहवालात स्पष्ट लिहावे की टोके हाती आली नाहीत.

अतिभाराचा विचार काडीसाठी वेगळा करावा लागतो, कारण तिच्यातून संपूर्ण ३२ अँपिअर जातात. ६ ची केबल उष्णतारोधक भिंतीतही ३२ अँपिअर वाहते, म्हणून ती योग्य आहे. ४ ची असती तर मोकळ्या जागी ३७ आणि उष्णतारोधक भिंतीत २६, म्हणजे ती कुठून गेली आहे हे पाहिल्याशिवाय काहीच म्हणता आले नसते.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी आणखी एक प्रकार सांगून ठेवतो. त्यांची तिसरी तार सुटी निघाली, ते नशीब. कधी कधी तिसरी तार दोन्ही टोकांशी संबंध दाखवते, म्हणजे ती पुढे कुठेतरी रिंगलाच मिळालेली असते. अशा वेळी तिन्ही टोकांना अ, ब, क अशी नावे द्या आणि प्रत्येक जोडीत मोजा. समजा अ-ब मध्ये ०.४५, अ-क मध्ये ०.२४ आणि ब-क मध्ये ०.३९ आले. अ पासून जोडबिंदूपर्यंतचा रोध = (०.४५ + ०.२४ − ०.३९) ÷ २ = ०.१५. त्यावरून ब चा भाग ०.३० आणि क चा ०.०९. ७.४१ मिलिओहमने भागले की अ च्या बाजूने २० मीटरवर, ब च्या बाजूने ४० मीटरवर आणि तिसऱ्या तारेने १२ मीटरवर तो जोड आहे, हे भिंतीला हात न लावता कळते. आत आणखी एखादे वलय असेल तर ही लांबी फसवते, म्हणून सापडलेल्या जागी जाऊन सॉकेट उघडून पाहिल्याशिवाय नकाशा काढू नये.

अशा गुंतलेल्या सर्किटात एक धोका निव्वळ मोजणीपलीकडचा असतो. वरच्या आणि खालच्या मजल्यांच्या रिंगा कुणीतरी चुकून एकमेकींना जोडलेल्या असतील, तर एक ब्रेकर पाडल्यावरही सॉकेट दुसऱ्या ब्रेकरवरून जिवंत राहते. त्यामुळे आकार कळेपर्यंत फक्त ब्रेकर पाडून कामाला लागू नये, मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे; आणि वीज नसल्याची खात्री लाइन-न्यूट्रल, लाइन-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या तिन्ही जोड्यांत करावी, त्याआधी व नंतर व्होल्टेज दर्शक ज्ञात स्रोतावर पारखून.

---

तिसरी_तार:

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा त्या घरी गेलो होतो. जिन्यावरच्या सॉकेटची पट्टी उघडली, तर आत येणारी केबल लाल-काळी आणि बाहेर जाणारी तपकिरी-निळी निघाली. वाचनांवरून रंग आधीच सांगता येतो, हे वरिष्ठांनाही मी कागदावर करून दाखवले आणि त्यांनी तो कागद ठेवून घेतला. नव्या रंगांची केबल २००४ पासून वापरात आली आणि २००६ पासून बंधनकारक झाली, त्यामुळे शयनगृहातला तुकडा आणि स्वयंपाकघराची वाढ एकाच सुमारास झाली असावी, असे आम्हाला वाटते. स्परवरच्या त्या स्परलाही अहवालात वेगळा संकेत दिला आहे. जिन्याकडे जाणारी केबल रिंगमधून जिथे निघते तिथे फ्यूज्ड स्पर घालून तो दुरुस्त होईल.

२६ ओहम म्हणजे ओट्याखालचा हीटरच होता. तो वेगळा केल्यावर लाइन आणि न्यूट्रल यांच्यातले इन्सुलेशन २०० मेगाओहमच्या वर आले. तपकिरी-निळ्या आणि लाल-काळ्या जोड्यांमध्येही तेवढेच आले, म्हणजे दोन्ही सर्किटे आतून वेगळीच आहेत. अर्थ तारांमधले ०.९ ओहम बॉयलरची अर्थ तार क्षणभर सोडवताच नाहीसे झाले. बॉयलर जुन्या रिंगवर आहे.

पेटीत एक जागा रिकामी होती. घरमालकांनी २० अँपिअरच्या आरसीबीओला होकार दिला आहे. निळी तार कोणत्या न्यूट्रल पट्टीवर आहे हे मी आधीच खूण करून ठेवले आहे. तपकिरी तार हलवल्यावर जुन्या रिंगची तिन्ही वाचने आणि आरसीडीची (प्रवाहगळतीवर पडणाऱ्या स्विचची) चाचणी पुन्हा घ्यावी, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे, कारण टर्मिनल उघडले की रिंगची टोकेही हलतात. शनिवारी ते काम आहे. वाचने इथे टाकतो.